शतावधानाचा त्याग करणारे शतावधानी : श्रीमद् राजचंद्र

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या समाजातील गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होत असताना एका अशा कुमाराचे चरित्र वाचकांसमोर ठेवावेसे वाटते, ज्याच्या स्मरणशक्तीला त्या काळच्या मुंबईने सुवर्णपदक देऊन गौरविले आणि ज्याने ऐन कीर्तीच्या शिखरावर असताना त्या प्रदर्शनाकडे कायमची पाठ फिरविली. आपल्या घराघरांत ज्यांची प्रतिमा किंवा निदान नाव तरी परिचित आहे, त्या श्रीमद् राजचंद्रांचे हे चरित्र होय. त्यांच्याविषयी आपल्या समाजात भिन्न भिन्न श्रद्धा आहेत. कोणी त्यांना परमकृपाळुदेव म्हणतात, कोणी एक विद्वान श्रावक मानतात. त्या मतभेदांत शिरण्याचे हे स्थान नव्हे. येथे त्यांच्या जीवनाची एकच बाजू पाहावयाची आहे, ती म्हणजे विद्या आणि स्मरण यांविषयीची त्यांची दृष्टी.

विक्रम संवत १९२४ च्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे नोव्हेंबर १८६७ मध्ये, सौराष्ट्रातील मोरबी संस्थानातील ववाणिया या लहानशा बंदराच्या गावी त्यांचा जन्म झाला. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांची जन्मतिथीही कार्तिकी पौर्णिमाच, हा योगायोग त्यांचे चरित्रकार आवर्जून नोंदवितात. पित्याचे नाव रवजीभाई पंचाणभाई मेहता, मातेचे देवबाई. जन्मनाव लक्ष्मीनंदन, चौथ्या वर्षी ते बदलून रायचंद ठेवण्यात आले. घरातील संस्कार दुहेरी होते. आजोबा पंचाणभाई कृष्णभक्त, माता जैन कुळातील. बाल रायचंद आजोबांच्या मांडीवर बसून कृष्णकीर्तनाची पदे ऐकत असे, अवतारांच्या कथांत रमत असे आणि गळ्यात कंठीही घालीत असे.

मग हा बालक जिनमार्गाकडे वळला कसा? वयाच्या बाविसाव्या वर्षी लिहिलेल्या एका छोट्या आत्मवृत्तान्तात त्यांनी याचे उत्तर दिले आहे, आणि ते उत्तर आपल्या पाठशाळांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यांच्या हाती प्रतिक्रमणसूत्राची पुस्तके आली. त्यांत जगातील सर्व जीवांशी मैत्रीची जी भावना अत्यंत नम्रतेने व्यक्त झाली आहे, तिने त्यांचे चित्त ओढून घेतले. सूत्रे आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी पाठ होतात, पण त्या सूत्रांत काय मागितले आहे हे समजून त्यावर लुब्ध होणारी मुले किती असतात? रायचंद सूत्रांच्या नादामुळे आले नाहीत, अर्थामुळे आले.

सातव्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे ते शाळेत जाऊ लागले. दुसरी म्हणजे गावातील अमीचंद नावाचे, त्यांच्यावर माया करणारे एक गृहस्थ सर्पदंशाने वारले. मरण म्हणजे काय, हे त्या बालकाला ठाऊक नव्हते. आजोबांनी प्रश्न टाळला, तेव्हा तो लपून तलावाकाठी गेला आणि झाडावर चढून जळती चिता पाहिली. जो कालपर्यंत बोलत होता त्याला लोक जाळतात कसे, या विचाराच्या मंथनातून त्यांना पूर्वभवांचे स्मरण, म्हणजे जातिस्मरणज्ञान झाले, अशी परंपरा आहे. श्रद्धावान वाचक ते मानतील, इतर कदाचित मानणार नाहीत. पण सात वर्षांच्या मुलाने एका प्रश्नाचा एवढा पाठपुरावा करावा, एवढे तर दोघांनाही मान्य व्हावे.

शाळेविषयी त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. स्मृती इतकी तीव्र होती की पाठ एकदाच ऐकला की पुरे. तरीही आपण अभ्यासात आळशी होतो, बोलघेवडे आणि खेळकर होतो, हेही ते मोकळेपणाने सांगतात. गुरुजी जेव्हा पाठ शिकवीत, तेव्हाच तो वाचून त्याचा भावार्थ सांगून टाकीत आणि मग पुन्हा त्याकडे पाहत नसत. पाठाचा शब्दन् शब्द नव्हे, भावार्थ. सात इयत्तांचा गुजराती अभ्यासक्रम त्यांनी सुमारे दोन वर्षांत पुरा केला. त्यातील एक गोष्ट मात्र चरित्रकार घाईने ओलांडून जातात, ती मला सर्वांत गोड वाटते. ज्या मोठ्या विद्यार्थ्याने त्यांना पहिले पुस्तक शिकविण्यास आरंभ केला होता, त्यालाच पुढे रायचंदांनी ते पहिले पुस्तक पुन्हा समजावून दिले. मागे राहिलेल्या सहाध्यायाला हात देऊन पुढे घेणे त्यांना सहज सुचले. त्यांना त्या वयात सर्वांविषयी ममता होती, सर्वांत ऐक्य असावे असे वाटे, हेही त्यांच्याच लेखनातून कळते. वर्गात पहिला येणारा मुलगा आपल्या वह्या लपवून ठेवतो, ही तक्रार आज ज्या पालकांच्या कानी येते, त्यांनी हा प्रसंग मुलांना अवश्य सांगावा.

सातवीनंतर शाळा संपली. महाविद्यालय नाही, इंग्रजी शिक्षण नाही, पदवी नाही. तेराव्या वर्षापासून ते पित्याच्या दुकानी बसू लागले. हस्ताक्षर सुंदर असल्यामुळे कच्छ दरबारच्या उताऱ्यावर त्यांना लेखनासाठी बोलावणे येई. दुकानात बसून आपण कोणाला कमी-अधिक भाव सांगितला नाही की कमी-अधिक तोलून दिले नाही, असे त्यांनी नोंदविले आहे. उरलेल्या वेळात वाचन आणि काव्यरचना चाले.

आता अवधानाविषयी. हा शब्द आपण सर्व ऐकतो, पण अवधान म्हणजे नेमके काय, हे अनेकांना ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. अवधान म्हणजे चित्ताची एकाग्रता. अष्टावधानात एकाच बैठकीत आठ निरनिराळी कामे चित्तात धरावयाची असतात, शतावधानात शंभर. ही कामे एकामागून एक पुरी करावयाची नसतात, तर तुकड्यातुकड्यांनी, मध्येच सोडून, दुसऱ्याकडे वळून, पुन्हा पहिल्याकडे येऊन करावयाची असतात. कोणी एका श्लोकाचे चौथे अक्षर सांगतो, मग दुसरा गुणाकाराची रक्कम घालतो, मग तिसरा समस्यापूर्तीचा चरण देतो, तेवढ्यात घंटेचा टोला पडतो, आणि पुन्हा पहिला येऊन श्लोकाचे अकरावे अक्षर सांगतो. शेवटी सर्वांची उत्तरे जुळवून, क्रमाने, चूक न करता द्यावयाची. कागद नाही, लेखणी नाही.

ही विद्या आपल्या परंपरेत जुनी आहे. पंधराव्या शतकातील मुनिसुंदरसूरी सहस्रावधानी म्हणून ओळखले जातात. अकबराच्या दरबारात उपाध्याय सिद्धिचंद्रांच्या अवधानांची कीर्ती झाली होती. उपाध्याय यशोविजयजींनी तरुण वयात अहमदाबाद येथे संघासमोर अष्टावधान केले, तेव्हा धनजी सूरा नावाच्या श्रेष्ठींना त्यांच्या बुद्धीचे तेज जाणवले आणि काशीस जाऊन न्यायशास्त्राचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी द्रव्यसाहाय्य दिले. हे उदाहरण मुद्दाम नमूद केले. त्या श्रेष्ठींनी अवधान पाहून केवळ हारतुरे दिले नाहीत. ही शक्ती शास्त्र समजण्यास लागावी, याची व्यवस्था केली.

रायचंद सोळा-सतरा वर्षांचे असताना मोरबीत शास्त्री शंकरलाल माहेश्वर भट्ट अष्टावधानाचे प्रयोग करीत. मुंबईत प्रज्ञाचक्षू पंडित गट्टूलालजी या विद्येसाठी प्रसिद्ध होते. शास्त्रीजींचा प्रयोग एकदा पाहिला आणि ती रीत रायचंदांनी आत्मसात केली. लगेचच त्यांनी मित्रांसमोर आणि मग मोठ्या सभेत बारा अवधाने करून दाखविली. वढवाण येथे सोळा झाली, बोटाद येथे बावन्न. बावन्न अवधानांत काय काय होते, याची त्यांनी एका पत्रात दिलेली माहिती थक्क करणारी आहे. एकीकडे चौपट, गंजिफा आणि बुद्धिबळ यांचे डाव चालू. झालरीचे टोले मोजणे चालू. माळेच्या मण्यांकडे लक्ष. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. निरनिराळ्या वृत्तांत दिलेल्या विषयांवर कविता आणि समस्यापूर्ती. आणि सोळा भाषांतील चारशे शब्द, क्रम मोडून सांगितलेले, पुन्हा क्रमाने जुळवून सांगणे. त्या सोळांतील बहुतेक भाषा त्यांना येत नव्हत्या.

येथे क्षणभर थांबावे. ज्या भाषेचा अर्थ कळत नाही, तिचे शब्द बिनचूक परत म्हणता येतात, हे या प्रयोगाने निर्विवाद सिद्ध केले. म्हणजेच स्मरण आणि समज या दोन वेगळ्या शक्ती आहेत, एक असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही. हे प्रेक्षकांच्या लक्षात आले की नाही ते सांगता येत नाही. प्रयोग करणाऱ्याच्या मात्र निश्चित लक्षात आले असावे.

१८८६ मध्ये ते मुंबईस आले. दिनांक २२ जानेवारी १८८७ रोजी धोबी तलाव येथील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात शतावधानाचा जाहीर प्रयोग झाला. आपण मीरा रोडहून गाडीने मरीन लाइन्सला उतरलो की तेथून धोबी तलाव हाकेच्या अंतरावर आहे. आपल्यापैकी किती तरी जण नोकरी-व्यवसायासाठी रोज त्या परिसरातून जातात. अध्यक्षस्थानी संस्कृतचे विख्यात पंडित डॉ. पीटरसन होते. रायचंदांचे वय एकोणीस. निरनिराळ्या आकारांची सुमारे डझनभर पुस्तके त्यांना दाखवून नावे सांगण्यात आली, मग डोळे बांधण्यात आले आणि केवळ स्पर्शाने त्यांनी एकेका पुस्तकाचे नाव सांगितले. सभेने सुवर्णपदक अर्पण केले, लोकांनी साक्षात् सरस्वती म्हणून गौरविले, दोनच दिवसांनी टाइम्स ऑफ इंडियाने वृत्त छापले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट यांनी युरोपात जाऊन ही शक्ती दाखवावी, असे सुचविले.

एकोणीस वर्षांच्या, सातवी शिकलेल्या, काठेवाडच्या एका खेड्यातून आलेल्या तरुणापुढे विलायतेची वाट उघडली होती. पैसा, प्रतिष्ठा, राजाश्रय, सर्व काही. आजच्या भाषेत सांगावयाचे तर देशात पहिला क्रमांक आला होता. त्यांनी नकार दिला. विलायतेत आपल्या धर्माचार पाळणे कठीण, हे एक कारण सांगितले जाते. परंतु केवळ विलायतच नव्हे, तर वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी अवधानाचे जाहीर प्रयोग मुळातच बंद केले. ज्योतिषाचेही तेच झाले. त्यातही त्यांना चांगली गती होती, तेही सोडले. या सिद्धी लोकांना जमवितात, स्तुती आणतात आणि आत्म्याकडे वळलेले चित्त बाहेर ओढतात, हे त्यांनी ओळखले होते. शक्ती गेली नव्हती. ती दाखविण्याची ओढ गेली होती.

हा निर्णय एकाएकी झाला असे समजू नये. याची बीजे त्यापूर्वीच्या एका ग्रंथात स्पष्ट दिसतात. तो ग्रंथ म्हणजे मोक्षमाला. वयाची सोळा वर्षे आणि पाच महिने पूर्ण झाले असता, म्हणजे १८८४ च्या सुमारास, त्यांनी अवघ्या तीन दिवसांत हा १०८ पाठांचा ग्रंथ लिहिला. बाल आणि तरुण वाचकांना जिनमार्ग समजावा, हा हेतू. सदुसष्टाव्या पाठाचे पान शाई सांडून खराब झाले, तेव्हा त्या जागी त्यांनी अमूल्य तत्त्वविचाराचे नवे काव्य घातले. तेच काव्य आज सर्वांत अधिक गायिले जाते. शंभर गोष्टी ध्यानात ठेवणाऱ्याला शाईखालचा पाठ जसाच्या तसा पुन्हा लिहिता आला नसता काय? पण त्यांनी नवे लिहिले. छपाईस विलंब झाला, तेव्हा आगाऊ नाव नोंदविलेल्या ग्राहकांना भावनाबोध नावाची छोटी पुस्तिका रचून भेट दिली, आणि वि. सं. १९४४ मध्ये मोक्षमाला प्रसिद्ध झाली.

या ग्रंथाचा सव्विसावा पाठ तत्त्व समजण्याविषयी आहे. शास्त्रे मुखोद्गत असणारे पुरुष पुष्कळ मिळतात, पण थोडक्याच वचनांवर प्रौढ विचार करून त्यांचे मर्म हृदयात उतरविणारे दुर्मीळ, असा त्याचा आशय. पोपट रामनाम घेतो, पण राम म्हणजे दशरथाचा पुत्र की एखादे फळ, याच्याशी पोपटाला काय कर्तव्य, असे ते विचारतात. आणि मग एक विनोदी प्रसंग सांगतात. कच्छकडील काही वैश्य बंधू प्रतिक्रमण पाठ करून म्हणत असत. त्यातील राइय म्हणजे रात्रीसंबंधी आणि देवसिय म्हणजे दिवसासंबंधी, हा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता. तोंडी परंपरेत ते शब्द रायशी आणि देवशी असे झाले होते, आणि ही तर तिकडील माणसांची नावे! मंडळीत खेतशी नावाचे एक गृहस्थ होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी मोठ्याने खेतशी पडिक्कमणुं असे म्हणावयास सुरुवात केली. सर्व चकित झाले. विचारले, तर ते म्हणाले की रोज रायशीचे आणि देवशीचेच नाव घेता, बिचाऱ्या खेतशीचे कोणीच का घेत नाही?

सोळा वर्षांच्या मुलाने हे लिहिले आहे. हसू येते, पण थोड्या वेळाने हसू मावळते, कारण आपल्यापैकी अनेक जण खेतशीच आहेत. वंदित्तु सूत्र अस्खलित म्हणणाऱ्या मुलाला त्यातील एका गाथेचा अर्थ विचारला तर तो गोंधळतो, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्या मोठ्या माणसालाही तो सांगता येत नाही. शाळेतही तेच. विज्ञानाची व्याख्या पुस्तकातील स्वल्पविरामासह पाठ असते, गणिताचा नमुना ठरलेला असतो, आकडे बदलून दिले तर चालते, भाषा बदलून दिली की अडते. दहावी, बारावी, मग जेईई आणि नीट, सकाळी शाळा आणि संध्याकाळी क्लास, असा आपल्या हाटकेश परिसरातील मुलांचा दिनक्रम असतो. त्यात समजून घेण्यास लागणारा वेळ हाच प्रथम कापला जातो, कारण तो गुणपत्रिकेवर दिसत नाही.

मात्र येथे एक सावधगिरी. पाठांतर वाईट, असा अर्थ या चरित्रातून कोणी काढू नये. आपली आगमे शेकडो वर्षे श्रमणांच्या कंठांतच जतन झाली. वीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी, दुसऱ्या गणनेनुसार ९९३ वर्षांनी, वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी ती ग्रंथारूढ केली, तोवर मुनींची स्मृती हेच ग्रंथालय होते. त्या स्मृतीवर आपण सर्व उभे आहोत. पण शास्त्रांनी स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, परावर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. गुरूकडून पाठ घेणे, शंका विचारणे, उजळणी करणे, अर्थावर चिंतन करणे आणि दुसऱ्याला सांगणे. पाठांतर हे त्यांपैकी एक अंग. उरलेल्या चारांना आपण रजा दिली आहे, हे दुखणे आहे. विशेषतः पृच्छनेला. शंका विचारणारे मूल आपल्याला उद्धट वाटते.

पृच्छनेचे महत्त्व श्रीमदांच्या जीवनातील दुसऱ्या एका प्रसिद्ध प्रसंगात दिसते. जुलै १८९१ मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन विलायतेहून मुंबईस उतरले. त्याच दिवशी डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या बंधूंच्या घरी त्यांची रायचंदभाईंशी भेट झाली. रायचंदभाईंचा विवाह १८८८ मध्ये डॉ. मेहतांचे थोरले बंधू पोपटलाल यांच्या कन्या झबकबाई यांच्याशी झाला होता, आणि डॉ. मेहतांचेच बंधू रेवाशंकर जगजीवन यांच्या जवाहिराच्या पेढीत ते भागीदार होते. पुढे गांधीजी ज्या मणिभवनात सतरा वर्षे उतरत असत, ते घर याच रेवाशंकरभाईंचे. रायचंदभाईंच्या स्मृतीची ख्याती सांगण्यात आली, तेव्हा नव्या बॅरिस्टरने आपल्याला येत असलेले युरोपीय भाषांतील शब्द संपेपर्यंत सांगितले आणि रायचंदभाईंनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखविले. गांधीजींना त्या शक्तीचा हेवा वाटला. परंतु आपण मोहित झालो ते त्यामुळे नव्हे, असे त्यांनी आत्मकथेत स्वच्छ लिहिले आहे. त्यांना मोहिनी पडली ती शास्त्रांच्या विशाल ज्ञानाची, शुद्ध चारित्र्याची आणि आत्मदर्शनाच्या तळमळीची. हिरे-मोत्यांची पारख, लाखोंचे व्यवहार, आणि सौदा संपताच मेजावरील धर्मग्रंथ किंवा वही उघडून चिंतनात बुडणे, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

पुढे दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती आणि मुसलमान मित्रांच्या सहवासात गांधीजींच्या मनात धर्माविषयी शंका उठल्या. त्यांनी १८९४ मध्ये रायचंदभाईंना सत्तावीस प्रश्न लिहून पाठविले. आत्मा म्हणजे काय, ईश्वर म्हणजे काय, मोक्ष या देहात कळू शकतो काय, येथपासून तो सर्प चावावयास आला तर त्याला मारावे की चावू द्यावे, येथपर्यंत. रायचंदभाईंनी कोणताही प्रश्न बालिश म्हणून टाळला नाही, एकेकाचे स्वतंत्र उत्तर लिहिले. उत्तरांत शास्त्रवचनांचा भडिमार नाही, युक्ती आहे. सर्पाच्या प्रश्नावर तर त्यांनी विचारणाऱ्याच्या पात्रतेचाही विचार केला: देह अनित्य आहे हे ज्याने खरोखर जाणले, त्याने त्या देहासाठी दुसऱ्या जीवाला मारणे योग्य ठरत नाही, ज्याची ती भूमिका नाही त्याला आपण मारण्याचा उपदेश तरी कसा करावा. गांधीजींनी त्यांना गुरुपद दिले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते आसन रिकामेच राहिले, असे ते म्हणत. तरी टॉलस्टॉय आणि रस्किन यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्या आधी, त्यांनी रायचंदभाईंचे ऋण मानले.

पाठांतर आणि समज यांचा खरा मेळ पाहावयाचा असेल तर मात्र आत्मसिद्धि शास्त्राच्या रचनेकडे वळावे. वि. सं. १९५० मध्ये श्रीमदांनी लल्लुजी मुनींना एक गद्य पत्र लिहिले होते. आत्मा आहे, तो नित्य आहे, तो कर्ता आहे, भोक्ता आहे, मोक्ष आहे आणि मोक्षाचा उपाय आहे, या सहा पदांचे त्यात विवेचन होते. ते पत्र सायला येथील सौभागभाईंना मुखपाठ करावयाचे होते. सौभागभाई वृद्ध झाले होते. गद्य ध्यानात राहीना. त्यांनी विनंती केली की हेच पद्यात मिळाले तर पाठ करणे सोपे जाईल. त्या विनंतीला मान देऊन वि. सं. १९५२ च्या आश्विन वद्य प्रतिपदेस, म्हणजे ऑक्टोबर १८९६ मध्ये, नडियाद येथे संध्याकाळी श्रीमद् लिहावयास बसले. अंबालालभाई हातात कंदील धरून उभे राहिले. सुमारे दीड-दोन तासांत १४२ गाथा पूर्ण झाल्या.

ज्याने शंभर गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवून दाखविल्या होत्या, त्याने आपली सर्वश्रेष्ठ कृती एका विस्मरणशील वृद्धासाठी रचली. सौभागभाईंची आठवण कमी पडते म्हणून त्यांची योग्यता कमी, असा विचार त्या थोर मनाला शिवलाही नाही. आणि रचना तरी कशी? शिष्य एकेका पदावर शंका घेतो, ठामपणे घेतो. आत्मा दिसत नाही मग मानू कशाला, असे विचारतो. आणि सद्गुरू त्या शंकेचे निरसन करतात. म्हणजे जो हे शास्त्र पाठ करील, त्याला उत्तराबरोबर प्रश्नही पाठ करावा लागतो. आरंभीच त्यांनी दोन प्रकारच्या लोकांविषयी खेद व्यक्त केला आहे: बाह्य क्रियेतच गुंतून पडलेले, आणि ज्ञानाच्या नुसत्या गोष्टी करणारे. त्याच्या केवळ चार प्रती करविल्या गेल्या आणि त्या सौभागभाई, अंबालालभाई, लल्लुजी मुनी आणि झवेरी माणेकलाल घेलाभाई या चौघांनाच मिळाल्या. मुनींना एकांतात त्याचे मनन करण्याची सूचना होती. आज या शास्त्राच्या मुखपाठाच्या स्पर्धा होतात, त्यात लहान मुले पहिल्या गाथेपासून शेवटच्या गाथेपर्यंत न अडखळता म्हणतात. त्यांचे कौतुक आहेच. पण परीक्षकाने मध्येच थांबवून, बाळ, ही शंका कोणाची आणि तुला ती पटते का, असे विचारले तर स्पर्धेला शास्त्राची शोभा येईल.

या निमित्ताने ट्रस्टच्या विश्वस्तांना एक विनंती करावीशी वाटते. सत्काराच्या यादीत टक्केवारीबरोबरच, ज्या मुलाने एखाद्या मागे पडलेल्या मुलाला वर्षभर शिकविले त्याचे नाव यावे. पाठशाळेच्या परीक्षेत किती गाथा झाल्या, या रकान्याशेजारी अर्थाचा एक रकाना असावा. आणि पालकांनाही नम्र विनंती, की श्रीमदांचे हे चरित्र मुलांना सांगताना त्याचा चाबूक करू नये. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी शंभर अवधाने केली आणि तुला एक पान पाठ होत नाही, असे म्हणणे म्हणजे ज्यांनी स्वतःच तो मापदंड फेकून दिला, त्यांच्याच हाती तो पुन्हा देणे आहे. परीक्षेच्या भीतीने रात्री झोप न येणाऱ्या मुलाला शतावधानीची गोष्ट सांगावयाचीच असेल, तर ती सौभागभाईंपासून सुरू करावी.

शेवटची वर्षे व्यवसायातून निवृत्त होत, ईडरच्या डोंगरासारख्या एकांत स्थळी गेली. तेथे लल्लुजी आदी सात मुनींना त्यांनी द्रव्यसंग्रह हा ग्रंथ वाचून समजावून दिला. प्रकृती ढासळत होती. तरीही वि. सं. १९५६ मध्ये, म्हणजे १९०० साली, त्यांनी मुंबईत परमश्रुत प्रभावक मंडळाची स्थापना केली. प्राचीन आचार्यांचे ग्रंथ भांडारांत बंद होते, आणि जे उपलब्ध होते ते प्राकृत-संस्कृत न जाणणाऱ्या श्रावकाला उलगडत नव्हते. ते शुद्ध करून लोकांच्या हाती द्यावेत, हा मंडळाचा उद्देश. पुढील वर्षी, चैत्र वद्य पंचमीस, दिनांक ९ एप्रिल १९०१ रोजी, राजकोट येथे वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांनी समाधिपूर्वक देहत्याग केला. मंडळाचे कार्य थांबले नाही. राजचंद्र जैन शास्त्रमालेतून कुंदकुंदाचार्य, उमास्वाती, हेमचंद्राचार्य यांचे ग्रंथ मूळ गाथांसह आणि हिंदी अर्थासह प्रकाशित झाले, आणि पुढे हे काम अगास येथील आश्रमाने चालविले. दिगंबर आणि श्वेतांबर, दोन्ही परंपरांचे ग्रंथ त्या मालेत शेजारी शेजारी आहेत, आणि प्रत्येक गाथेखाली तिचा अर्थ छापलेला आहे.